लागलाय

ओहोटीला सारसोळेच्या जेट्टीपाशी
होडी कलती करून हसुरामकाका तळ खरवडत बसतात.
त्यांच्याकडे बार्नॅकलला वेगळं नाव नाही.
"होरीला लागलाय," म्हणतात.
काय लागलाय?
"त्योच. लागलाय त्यो."

मी बरणीत खाडी भरून नेते.
वाशीच्या प्रयोगशाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी
सूक्ष्मदर्शकावर माझी पाळी असते.
रंग चढायला दोन रात्री लागतात,
मग अंधाऱ्या खोलीत पडद्यावर
खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढं एक पिल्लू
हिरवं हिरवं पेटतं.

लहानपणी ते एकडोळं असतं.
कपाळाच्या मधोमध एक ठिपका, तीन जोड्या पाय,
सहा वेळा कात टाकेपर्यंत नुसतं वाहणं.
आणि मग अचानक, कुणी आंदण दिल्यासारखे,
दोन्ही बाजूंना दोन भरगच्च डोळे.
मेंदू म्हणजे एक कडं.
घशाची नळी त्यातून आरपार जाते,
नेढ्यातून दोरा जावा तशी.
या वयात ते काही खात नाही,
तरी कड्याने मधली जागा सोडून ठेवलीय.
कड्यातून पुढे दोन जाड तंतू निघतात
स्पर्शिकांच्या टोकापर्यंत, शेवटच्या केसापर्यंत.
एवढी सगळी वायरिंग
एका कामासाठी: जागा बघणं.

ते स्पर्शिकांवर चालतं. टेकवतं, उचलतं,
मागे फिरतं, पुन्हा तिथेच टेकवतं.
चिकट पावलं उमटतात,
मागून येणारं ती वाचतं.

गेल्या वर्षी सिडकोच्या सोडतीत आमचा नंबर लागला
तेव्हा आई तळोज्याला नमुना घर बघायला आली होती.
सगळ्या भिंतींवरून तळहात फिरवला तिने,
बोटाच्या पेराने टकटक करून
आतला पोकळपणा ऐकला.
नळ सोडून पाहिला, पाणी नव्हतं.
खिडकीतून वाकून खालच्या मजल्यावरच्या दोरीवर
कुणाचे कपडे वाळतायत ते बघितलं.
"लोक बरे दिसतात," म्हणाली.
एवढ्यावर ठरलं.

पिल्लू डोकं टेकवतं आणि सिमेंट सोडतं.
पुढचं माझ्या चित्रांच्या वहीत आहे, पान एकेचाळीसपासून:
मोठे डोळे सुटून पडतात.
जाड तंतू विरतात.
दर सहा तासांनी एक काचपट्टी,
दर पट्टीवर थोडं कमी हिरवं.
मॅडम म्हणाल्या, पेन्सिल हलकी धर,
इथे आता फारसं काही नाही.
मी तरी जोरातच धरली.

फक्त तो पहिला, कपाळावरचा ठिपका जात नाही.
तीन तुकडे होऊन कवचाखाली राहतो.
त्याला चित्र दिसत नाही,
त्याला सावली कळते.
पटत नव्हतं मला. म्हणून काकांनी काढून दिलेलं
लाकडाचं ढलपं बादलीतल्या पाण्यात ठेवलं,
पिसांसारखे पाय बाहेर येऊन पाणी चाळायला लागले
तसा वरून हात नेला.
सगळी दारं एकदम बंद.
हात काढला. वाट बघितली.
एकाने फट केली, मग दुसऱ्याने.
पुन्हा हात नेला. उगाच.
नंतर स्वतःचीच लाज वाटली.

आज जेट्टीवर पोचले तेव्हा काका पाठमोरे होते.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
नेरूळच्या दवाखान्याची तारीख
दोनदा चुकवलीय त्यांनी.
मी काही बोलले नाही, मागे जाऊन उभी राहिले.
माझं डोकं आणि अर्धा खांदा
त्यांच्या हातावरून होडीच्या तळावर पडला.
खरवडणी थांबली.
"कोन? बरणीवाली काय?"
हो काका.
बोटांनी चाचपत त्यांनी पातं पुन्हा लावलं,
जिथे लागलं होतं तिथे.
"सरक गो जरा," म्हणाले,
"उजेर लागतो."